भांड्याची खुर्ची

माझी बायको शिवणकाम करते. मापात सूतभरही सोडत नाही. माझ्या गुडघ्यांनी दगा दिला, तेव्हा आम्ही शौचाचं भांडं बसवलेली, चाकांची खुर्ची घ्यायला गेलो. डॉक्टरांची चिठ्ठी असली की अशा वस्तूला कर माफ असतो, हे ती विचारून आली होती. दुकानदाराने तरीही कर लावला.

“खुर्ची म्हणजे फर्निचर, काकू.”

मी पुटपुटलो, “देऊन टाक गं, लोक बघतायत.”

“बघू देत!” तिने खुर्ची गल्ल्यामागे ढकलली आणि झाकण उघडलं. “फर्निचर ना, भाऊ? मग बसा हिच्यावर आणि गिऱ्हाईकं करा.”

हशा पिकला. त्याने कर वगळून बिल बदललं.

ती खुर्ची मी भर रस्त्यातून, न झाकता, दांडीच्या आधाराने स्वतः ढकलत घरी आणली.