गुडघ्यापर्यंत
लूमच्या तेलाचा वास आला की आईचा प्रचार आठवतो. निजामपुऱ्यातल्या एका यंत्रमाग कारखान्यात ती वर्षानुवर्षं सुताच्या कांड्या भरायची, आणि त्या वर्षी महापालिकेच्या निवडणुकीला उभी राहिली होती. पत्रकं वाटायला मी तिच्यासोबत होते. कारखान्यातल्या खडखडाटात एक कारीगर लूमवरूनच ओरडला, "चाची, आप काहे को खड़ी हो?" लूम चालू असताना इथे बहुतेक खुणांनीच बोलतात. आईने हात गुडघ्यावर ठेवला, म्हणजे पावसाळ्यात गल्लीत गटाराचं पाणी इथवर येतं. त्याने हसून स्वतःच्या कमरेला हात लावला. त्याची खोली उताराला होती. आई हरली. काल त्याच वॉर्डातून मी अर्ज भरला. पत्रकाराने कारण विचारलं, तेव्हा आमच्या गल्लीतलं पाणी आता कुठवर येतं ते दाखवायला माझा हात थेट कमरेवर गेला.