फेस न मोडणाऱ्या बाटल्या

डॉ. सत्यशीला गर्जे यांच्याबद्दल खरं तर कुणी जाणत्याने लिहायला हवं. मी फक्त त्यांची जीप चालवायचो. पण त्या दिवशी त्यांच्याबरोबर मीच होतो.

शेवगावात त्यांचा किडनीचा दवाखाना आहे. शिक्षण पुण्याचं, तिथल्या मोठ्या इस्पितळात नोकरीही होती. तिथे डायलिसिसला आपल्या भागातले ऊसतोड कामगार दिसायला लागले. ऐन तिशी-चाळिशीतले, ना शुगर, ना बीपी, तरी किडन्या सुकलेल्या. दिवसभर उन्हात तोड, उसाच्या फडात आडोसा नाही म्हणून बाया पाणीच पीत नाहीत, अंग दुखलं की गोळी. हे नेमकं कशाने होतं, त्याचा अभ्यास करायला बाई गावाकडे परतल्या.

दसऱ्याच्या सुमारास, तोडकऱ्यांची टोळी साखर कारखान्यावर निघायच्या आधी, त्यांनी एका वाडीवर लघवीच्या नमुन्यासाठी बाटल्या वाटल्या. तिथल्याच मुक्ताबाई नावाच्या कामकरणीने त्या भरून गोळा करून दिल्या. प्रत्येकीवर नावाची चिठ्ठी.

दवाखान्यात बाईंनी एक बाटली हलवली. फेस आला आणि मोडेचना. दुसरी हलवली, तिसरी हलवली. टेबलावर सगळ्या बाटल्या रांगेने उभ्या आणि प्रत्येकीत तोच पांढरा थर. किडनीतून प्रथिनं गळायला लागली की असा फेस धरतो, एवढं मलाही कळत होतं. अख्खी वाडीच? मला त्या रांगेकडे पाहवेना.

तपासणीचे आकडे आले तेव्हा बाईंनी ते पुन्हा पुन्हा ताडून पाहिले. तरण्याचे आणि म्हाताऱ्याचे, सगळ्यांचे आकडे तंतोतंत सारखे होते.

“पुंजारामकाका, हे सगळं एकाच माणसाचं आहे,” त्या म्हणाल्या. “आणि त्याच्या हातात फार वेळ नाही. गाडी काढा.”

वाडीवर टोळीचा ट्रक भरत होता. आजारी कोयता, म्हणजे तोडीची नवराबायकोची जोडी, मुकादम टोळीत घेत नाही. त्यामुळे आजारी कोण म्हणून विचारलं असतं तर कुणी तोंड उघडलं नसतं. बाई रागावल्या नाहीत. ओट्यावर बसल्या, चहा घेतला आणि विचारलं, “तुमच्यात सगळ्यात धडधाकट कोण?”

“रंगुबाई,” दोघीतिघी एकदमच बोलल्या. एक म्हातारा म्हणाला, “ती मोळी घिऊन चढली का ट्रक वाकतोय.”

रंगुबाई हसत पुढे आली. बाईंनी तिच्या नडगीवर अंगठा दाबून उचलला. खड्डा पडला. सगळे पाहत राहिले. खड्डा भरेना; ते बळ नव्हतं, किडनीची सूज होती.

मुक्ताबाई खाली बसली. “आमाला वाटलं, हिची चांगली निघल. म्हून समद्यांच्या बाटल्या हिच्याकडनंच भरून घेतल्या.”

रंगुबाई आपल्या पायाकडे बघत होती. “मग ह्या समद्यांचं काय, डाक्टरबाई?” तिने विचारलं.

बाईंनी रिकाम्या बाटल्यांची पेटी उघडून ओट्यावर ठेवली. कुणी हात पुढे केला नाही. मुकादमाने हॉर्न दिला, तशी माणसं एकेक करून ट्रकमध्ये चढली.

रंगुबाईला आणि तिच्या नवऱ्याला आम्ही जीपमध्ये घेतलं. तिच्यावर वेळेत इलाज सुरू झाला; ती अजून दवाखान्यात येते.

त्या दिवशी शेवगावपर्यंत रिकाम्या बाटल्या पेटीत किणकिणत होत्या. आमच्या पुढेच तो ट्रक चालला होता. त्यातले लोक आमच्याकडे बघून हात हलवत होते. त्यांतल्या कुणाकुणाचा फेस मोडत नव्हता, ते आम्हाला शेवटपर्यंत कळलं नाही.