एकाच बशीतल्या गोळ्या

मास्टरबाईंना आळशी म्हणणाऱ्यांच्या जिभेला काही हाड? गणवेश शिवायच्या त्या कारखान्यात कापड कापायचं काम पूर्वी पुरुषांकडेच असे. तिथे या बाई कातर घेऊन उभ्या राहिल्या, आणि शिलाईवाल्या सगळ्याजणी त्यांना मास्टरबाई म्हणू लागल्या. मोठं मेज त्यांचं. कापडाचे थर लावायचे, वर कागदी फर्मा ठेवून खडूने आखायचं आणि एका दमात कापायचं. एकदा कातर फिरली की रडून उपयोग नाही, असं त्या नव्या पोरींना बजावत.

मग थायरॉइडने गाठलं. झोप म्हणजे नुसतं डोळे मिटून पडणं, आणि लागलीच तर उठताना अंग असं, की कुणीतरी बडवून काढलंय. दुपारी मेजाशी उभ्या उभ्या पेंग यायची, आवाज तर कायमचाच बसलेला. डॉक्टर दर खेपेला रक्त तपासत, गोळी वाढवत आणि म्हणत, "वजन कमी करा, टेन्शन घेऊ नका." टेन्शन काय बाई बाजारातून पिशवी भरून आणत होत्या? नणंद फोनवर म्हणे, "वहिनी, थकतो तर आम्हीही. पण लोळत नाही." सांगणाऱ्याच्या बापाचं काय जातं.

नवरा मात्र औषधाच्या बाबतीत भलता शिस्तीचा. सकाळी साऱ्या गोळ्या पाकिटांतून काढून एका बशीत मांडायचा. थायरॉइडची, हाडांसाठी कॅल्शियमची, रक्तासाठी लोहाची. शेजारी दुधाचा चहा. "घे, सगळ्या एकदम घे, कटकट नको," म्हणत त्या गिळेपर्यंत समोरून हलायचा नाही. चारचौघांत वर सांगायचा, "माझ्यामुळे हिची एक गोळी चुकत नाही."

आणि एक दिवस बाईंच्या हातून ती चूक झाली. बाह्या कापताना थर समोरासमोर लावायचे असतात, सुलट बाजूवर सुलट बाजू, म्हणजे प्रत्येक जोडीत एक बाही डावी निघते, एक उजवी. बाईंनी सगळे थर एकाच तोंडाने लावले. डोक्यात नुसता कापूस भरलेला. कातर फिरली आणि ढीगभर बाह्या निघाल्या, सगळ्या डाव्या. शिलाईवाल्यांनी एक सदऱ्याला लावली, दुसरी लावायला घेतली, आणि मग एकमेकींकडे बघत बसल्या.

मालक तसा तोडून बोलणारा माणूस नव्हे. डबा द्यायला आलेल्या नवऱ्याला त्याने बाजूला घेऊन विचारलं, "बाईंचं बिनसलंय काय?" नवरा हसला. "घरीही तेच हो. हल्ली अंगात आळस भरलाय नुसता." बाई गठ्ठ्यांमागे उभ्या होत्या. त्यांनी शब्दन्‌शब्द ऐकला. दुसऱ्या दिवशी मेज दुसऱ्याकडे गेलं आणि बाई काज-बटणांवर बसल्या. मूग गिळून बसल्या, कारण त्यांनाही वाटू लागलं होतं, की असेल बाई, आपणच आळशी असू.

पुढच्या खेपेला नेहमीचे डॉक्टर रजेवर होते. बदलीवर आलेल्या डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट पाहिला आणि विचारलं, "गोळी घेता कशी?" बाईंनी बशीची गोष्ट सांगितली. डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. "ही गोळी उठल्याबरोबर, रिकाम्या पोटी, नुसत्या पाण्याबरोबर. चहा नंतर. कॅल्शियम आणि लोह तर चार तासांनी. एकत्र घेतलीत की ही अंगाला लागतच नाही. कुणी सांगितलं नाही तुम्हाला?"

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. घरी येईपर्यंत ती विझली नाही, उलट रस्ताभर पेटतच गेली. एवढे दिवस औषध घेतलं आणि औषध अंगाला लागलंच नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी.

नवऱ्याने सगळं ऐकून घेतलं. तोंड एवढंसं झालं. मग म्हणाला, "बरं, उद्यापासून वेगळी काढून देतो. झालं ना?"

"नाही झालं."

"अगं, मला काय ठाऊक? मी तर तुझ्या भल्यासाठीच..."

"भलं केलंत, कळलं ते. पण आळशी म्हणालात तेही तुम्हीच. मला नाही, मालकांना. आता जे खरं आहे ते त्यांना सांगा. माझ्यासमोर सांगा."

तो सबबी सांगत राहिला आणि त्या चपला घालून दारात उभ्या राहिल्या.

कारखान्यात मशिनी चालू होत्या. नवऱ्याने मालकाला अडखळत सांगितलं, की चूक आपली, गोळ्या आपण एकत्र देत होतो, हिचा दोष नाही. मालक सगळं ऐकून समजूतदारपणे हसला. "बायको आहे. पाठीशी घालणारच तुम्ही. चालायचंच."

मशिनी एकेक करून थांबल्या.

"वा," बाई म्हणाल्या. आवाज बसलेलाच होता, पण शेवटच्या रांगेपर्यंत गेला. "हे मला आळशी म्हणाले तेव्हा त्यांचं लगेच खरं वाटलं. आता खरं सांगताहेत, तर बायकोची बाजू घेताहेत होय? डॉक्टरीणबाई म्हणतात, गोळी लागू पडायला दीड महिना लागेल. तोवर बटणं लावते. पण मग मेज माझं."

"बघू की, बाई."

"बघू-बिघू नको. हो की नाही, ते सगळ्यांसमोर सांगा."

मालकाने रांगांवरून नजर फिरवली. एकीनेही मान खाली घातली नव्हती. "हो," तो म्हणाला.

बाई आपल्या जागेवर जाऊन बसल्या. सुईत दोरा ओवून त्यांनी पुढचं बटण घेतलं. नवरा अजून दारातच घुटमळत होता, दोन गोड शब्द ऐकायला मिळतील म्हणून.

"तुम्ही जा घरी," बाई मान वर न करता म्हणाल्या. "सकाळची भांडी पडलीत."