दुसऱ्याच्या गाडीचा सेन्सर

बायकोला नेदरलँड्समध्ये, आइंडहोव्हनला नोकरी लागली आणि तिच्या राहण्याच्या परवान्यावर मीही इकडे आलो. माझं शिक्षण नववी. पुढचं सगळं कराडला, मामाच्या गॅरेजात. इथे आल्यावर बरेच महिने घरातच होतो. भाजी चिरायची, सायकलींना तेल घालायचं. मराठी मंडळींच्या गणपतीत कुणी "आपण कुठल्या कंपनीत?" विचारलं, की मी पाण्याचे ग्लास भरायला आत जायचो.

म्हणून सुरिनामहून आलेल्या, पण मूळच्या हिंदुस्थानी अशा एका गॅरेजमालकाने "महिनाभर ये, हात बघतो" म्हटलं, तेव्हा त्याच्या पाया पडणंच काय ते बाकी ठेवलं होतं. पण महिना संपत आला तरी हा बाबा हो म्हणेना, नाही म्हणेना. विचारावं तर माझं तोंड उघडेना. ज्याने दारात उभं केलं त्यालाच कसं विचारायचं?

त्याच आठवड्यात एका नर्सबाईंची गाडी आली. बाई घरोघरी जाऊन म्हाताऱ्या माणसांना औषधं द्यायच्या. गाडी तापली की धक्के खायची, मग बंद पडायची. स्कॅनर लावला तर इंधनाचं प्रेशर कमी दाखवत होता.

"पंप गया, बेटा," मालक म्हणाला.

"सेन्सर होगा, अंकल," मी हिंदीत म्हणालो.

"होगा? ग्राहक को क्या बोलूँ, शायद?"

पण मला दिसत होतं ते असं: पंप थकला की प्रेशर हळूहळू उतरतं. इथे स्कॅनरवरचा आकडा एकदम शून्यावर पडायचा आणि लगेच वर यायचा, आणि तेवढ्या वेळात इंजिन मात्र आपलं नीट फिरत असायचं. प्रेशर खरंच गेलं असतं तर ते फिरलं कसं असतं? म्हणजे प्रेशर होतं, सांगणारा सेन्सर खोटं सांगत होता, आणि त्यालाच भुलून गाडीचा कॉम्प्युटर मागून इंजिन बंद पाडत होता. वायर हलवून बघितली, पिन साफ केल्या. तिथे काही नव्हतं.

मालक पार्ट आणायला गेला होता. मागच्या अंगणात अगदी त्याच मॉडेलची दुसरी गाडी क्लचच्या कामासाठी उभी होती. आता आमच्याकडची रीत काय? शंका आली की शेजारच्या गाडीचा पार्ट काढायचा, लावून बघायचा, परत बसवायचा. मामा तर लांबूनच ओरडायचा, "अरे, त्या पांढरीचा लाव की!" त्यात विचार करण्यासारखं काही असतं हेच मला माहीत नव्हतं. प्रेशर उतरवलं, त्या गाडीचा सेन्सर काढला, नर्सबाईंच्या गाडीला लावला आणि गाडी हायवेवर घेऊन गेलो. इंजिन चांगलं तापवलं. आकडा जागचा हलला नाही. येताना मी चक्क गुणगुणत होतो.

परत आलो तर अंगणात मालक उभा, आणि शेजारी एक उंच डच माणूस, बगलेत लहान मुलाची सीट धरून. सीट न्यायला आला होता बिचारा, तर आपल्या गाडीचं बॉनेट उघडं आणि एक भोक रिकामं. तो ओरडत नव्हता. हळू आवाजात, एकेक शब्द सुटा करून बोलत होता. मला त्यातलं 'माझी गाडी' एवढंच कळत होतं आणि मी सवयीने हसत होतो. हसू थांबवता येईना. मागे गॅरेजची भिंत, पुढे ते दोघं.

तो गेल्यावर मालक म्हणाला, "पूछा था किसी को?"

"अंकल, लगेच परत बसवतो. माझं निदान बरोबर निघालं, सेन्सरच होता."

"सेन्सर ही था. मान गया. लेकिन ये एक बार खोला तो वापस नहीं बैठता. दबके सील होता है वो. अब दोनों गाड़ियों में नया लगेगा." दाबून सील म्हणजे कसं ते मला समजावं म्हणून त्याने हातवारे करून दाखवलं. मग थांबून, "उसने भरोसे पे गाड़ी छोड़ी थी, बेटा. मेरे भरोसे पे."

दुसऱ्या दिवशी दोन्ही नवे सेन्सर मीच बसवले. मालक शेजारी हाताची घडी घालून उभा होता. हवं तेवढं आवळून टॉर्क रेंचचा टक आवाज आला की मान हलवायचा, बाकी काही नाही. नर्सबाई गाडी घेऊन गेल्या, खुश होत्या. मी हात धुऊन कोट घातला आणि दाराशी घुटमळलो. घरी जाऊन काय सांगायचं, ते जुळवत होतो.

"सोमवार से आना," तो फोनमधून मान वर न करता म्हणाला. "टायर पे. विंटर के टायर चढ़ाने का सीझन चालू हो रहा है. इंजिन को हाथ नहीं, जब तक मैं न बोलूँ."

"थँक यू अंकल," मी म्हणालो. दोनदा म्हणालो.

बायको दारातच उभी होती. "ठेवलं?"

"ठेवलं."

"बघ! मी म्हणत नव्हते? मेकॅनिक म्हणून ना?"

मी बूट काढायला खाली वाकलो. नाडीची गाठ काही सुटेना. "टायरवर," मी म्हणालो.

तिने दार लावून घेतलं. मग म्हणाली, "बरं. डबा किती वाजता लागेल?"