न बोलणारे तीन दिवे

गाडी गॅरेजच्या दारात पोचण्याआधी तिचा आजार सांगतो म्हणून लोकांनी त्याचं नाव कानसेन ठेवलं होतं. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनावर टेकवायचं, मूठ कानाला लावायची आणि डोळे मिटून समाधी लावायची. मग डोळे उघडून सांगायचं, तिसऱ्या सिलिंडरचा व्हॉल्व्ह गेलाय. उघडून बघावं तर खरंच तिसऱ्याचाच गेलेला असायचा. बायको बोलायला लागली की घरीसुद्धा तो असेच डोळे मिटायचा. फक्त तिथे निदान कधी बाहेर येत नाही, अशी तिची तक्रार होती.

असा हा माणूस गेले चार दिवस तीन दिव्यांपुढे हात टेकून बसला होता.

गाडी नर्सबाईंची. वीस वर्षांची, उंच, चारही चाकांनी डोंगर चढणारी, आणि दार लावायचं तर कंबरेने धक्का द्यावा लागणारी. महिन्यापूर्वी ती घरघर करत आली, तेव्हा कानसेनने कोपऱ्यावरूनच निकाल दिला होता, पुढचं डावं बेअरिंग. त्याने नवीन बेअरिंग स्वतःच्या हाताने प्रेसमध्ये दाबून बसवलं, घरघर गेली, आणि त्याने पाच जणांना बोलावून गाडीची शांतता ऐकवली. दुसऱ्या दिवशी डॅशबोर्डवर तीन दिवे लागले. ब्रेकचा लाल, एबीएसचा पिवळा, आणि चाक घसरू लागलं की आवरून धरणाऱ्या ट्रॅक्शनचा तिसरा, ज्यावर दारू प्यायल्यासारखी नागमोडी जाणारी गाडी काढलेली असते.

"बेअरिंगचा आणि दिव्यांचा काय संबंध?" असं त्याने नर्सबाईंना ठणकावून सांगितलं होतं. जुन्या गाडीचे दिवे म्हाताऱ्या माणसासारखे उगाच कुरकुरतात, लक्ष देऊ नका, असंही वर. बाईंनी महिनाभर लक्ष दिलं नाही. मग तपासणीची नोटीस आली.

तपासणी आज चार वाजता होती. दिवे लागलेले दिसले तर गाडी नापास, आणि नापास गाडी आरोग्य खात्याच्या यादीतून बाद. दुसरी गाडी द्यायला खातं तयार नव्हतं. म्हणजे डोंगरावरच्या वस्तीची फेरी बंद. वर बावीस घरं होती, आणि त्यातल्या एका घरात कानसेनची थोरली बहीण, आक्का, राहत होती. तिच्या पायाची जखम दोन वर्षं भरत नव्हती. आठवड्यातून दोनदा बाई वर जाऊन पट्टी बदलत होत्या म्हणून पाय अजून अंगाला होता.

हे सगळं कानसेनला माहीत होतं. म्हणून त्याने चार दिवसांत करायचं तेवढं केलं होतं. स्पेअर पार्टवाल्याकडून तपासणीचं यंत्र मागून आणलं. यंत्र म्हणालं, पुढच्या डाव्या चाकाचा वेग कळत नाही. त्याने चाकाचा वेग मोजणारा सेन्सर बदलला. दिवे तसेच. उजव्या चाकाचा सेन्सर डावीकडे लावला. यंत्र तरीही डावीकडेच बोट दाखवत राहिलं. त्याने वायर बदलली, बॅटरी बदलली, गंजलेले सांधे घासून चकचकीत केले, उंदरांवर संशय घेतला, शेवटी यंत्रावरच संशय घेतला. आणि दर वेळी किल्ली फिरवली की तिघे भाऊ हसत हजर.

सगळ्यात वाईट म्हणजे दिवा आवाज करत नाही. कानसेनने काल चक्क स्क्रूड्रायव्हर त्या डाव्या चाकावर टेकवून अर्धा तास ऐकलं होतं. बेअरिंग रेशमासारखं फिरत होतं. इतका सुंदर आवाज आणि इतका निरुपयोगी, असा त्याने जन्मात ऐकला नव्हता.

आता अकरा वाजले होते. तो डॅशबोर्डखाली उताणा पडला होता, हातात सोल्डरिंगचं तापलेलं आयर्न, आणि डोक्यात पाप. तिन्ही दिव्यांच्या तारा कापून ऑइलच्या दिव्याला जोडल्या तर काम भागणार होतं. किल्ली फिरवली की सगळे लागतील, इंजिन सुरू झालं की सगळे विझतील. तपासणीवाल्याला दिसेल, गाडी ठणठणीत. उतारावर बाईंच्या गाडीची चाकं घसरू लागतील तेव्हा त्यांना काय दिसेल, हा विचार त्याने दोनदा ढकलून दिला. तिसऱ्यांदा तो ढकलला जाईना. त्याने आयर्न तारांपर्यंत नेलं, परत आणून छातीवर ठेवलं, शर्ट जळला, आणि तो तसाच पडून राहिला. डोळ्यांतून पाणी आलं ते धुरामुळे, असं त्याने स्वतःला सांगितलं.

तेवढ्यात बायको आली. तिचं शिवणाचं दुकान भिंतीला भिंत लागून. तिच्या हातात नवंकोरं बेअरिंग होतं. त्याने जोडी घेतली होती, त्यातलं उरलेलं तिने कागदी कटिंगवर वजन म्हणून पळवलं होतं.

"अहो, हे तुमचं वजन परत घ्या. माझ्या टाचण्या धरून ठेवतं मेलं."

तो पडल्यापडल्या म्हणाला की बेअरिंग टाचण्या धरत नाही, लोहचुंबक धरतं.

"मग हे काय आहे? या बाजूला धरतं. पालथं केलं की नाही धरत. पालथं ठेवून वापरलं मी आठवडाभर, आज उलटं पडलं."

कानसेन इतक्या वेगाने उठला की कपाळ स्टिअरिंगवर आपटलं. त्याने बेअरिंग हातात घेतलं. एका बाजूच्या काळ्या कड्याला चार बारीक टाचण्या चिकटल्या होत्या. दुसरी बाजू कोरडी. त्याने ग्राइंडरखालची लोखंडाची भुकटी चिमटीने उचलून त्या काळ्या कड्यावर टाकली. भुकटी गोल बसली, बारीक बारीक रेघांत, मोजपट्टीवरच्या खुणांसारखी.

सेन्सर या चुंबकी खुणा मोजूनच चाकाचा वेग ओळखतो. त्या सेन्सरकडे तोंड करून असायला हव्या होत्या. चाळीस वर्षांत त्याने बसवलेल्या बेअरिंगांना सुलटी-उलटी बाजू नव्हती. कशीही दाबा, फिरायची. त्याने हेही तसंच दाबलं होतं, पालथं. सेन्सर महिनाभर कोऱ्या पत्र्याकडे बघत होता.

बायको त्याच्या जळलेल्या शर्टाकडे बघत होती. तिने विचारलं काय झालं. त्याने सांगितलं, आणि डोळे उघडे ठेवून सांगितलं, याची तिने नोंद घेतली.

पुढचे चार तास दोघं त्या चाकाला भिडली. चाक निघालं, हब निघाला, जुनं बेअरिंग प्रेसमधून किंचाळत बाहेर आलं. नवीन बसवण्याआधी त्याने ते चार वेळा टाचणीने तपासलं. टाचणी बायकोने धरली. सव्वातीनला बाई आल्या. त्याने त्यांना शेजारी बसवून गाडी रस्त्यावर काढली. वीस पावलांवर लाल गेला. मग पिवळा. मग ती झिंगलेली गाडी.

बाईंनी सुटकेचा निःश्वास टाकला. त्याने गाडी कडेला घेतली.

"बाई, चूक माझी होती. बेअरिंग मी उलटं बसवलं होतं."

बाई भांडतील अशी त्याची तयारी होती. भांडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी घड्याळ बघितलं, आणि पट्टी बदलताना विचारतात त्याच आवाजात विचारलं, "असली बेअरिंग आणखी किती गाड्यांना घातलीत?"

कानसेनने स्टिअरिंगवर बोटं मोजायला सुरुवात केली आणि दोनवर थांबला. सर्वेअरची जीप. शाळेच्या मुख्याध्यापिकाबाईंची गाडी. दोघेही दिव्यांची तक्रार घेऊन आले होते. दोघांनाही त्याने दिवे म्हातारे झालेत म्हणून सांगितलं होतं, आणि त्यांच्या समाधानासाठी दिव्यांवर काळी चिकटपट्टी लावून दिली होती. फुकट. वर हसून.

तो गाडीतून उतरला. बाईंनी स्टिअरिंग घेतलं, कंबरेने दार लावलं आणि तपासणीला निघून गेल्या. पावणेपाचला बायकोच्या फोनवर त्यांचा निरोप आला, पास, उद्या सकाळी वर जाते, आक्कांना काही सांगायचंय का. तो बायकोने त्याला फोन करून वाचून दाखवला. स्वतः तो सायकलवर होता, सर्वेअरच्या घराच्या वाटेवर, फोन कानाला लावून. खिशात बायकोची एक टाचणी होती. सर्वेअर लग्नाला गेला होता, जीप घेऊन, सहकुटुंब, घाट उतरून, असं शेजारी म्हणाला. केव्हा परत येणार ते शेजाऱ्याला माहीत नव्हतं. कानसेन त्याच्या फाटकापाशी सायकल टेकवून उभा राहिला, आणि रस्त्यावरून येणाऱ्या प्रत्येक गाडीचा आवाज ऐकू लागला.