नखवाले सर

आमचे मंठ्याचे विज्ञानाचे सर धातूची कुठलीही वस्तू हाती आली की आधी तिच्यावरून अंगठ्याचं नख फिरवायचे. एसटीतला दांडा असो, टपरीवरची किटली असो. पोरं त्यांना नखवाले सर म्हणायची, हसायची. मला हसू येत नसे. ही खोड त्यांना कशी लागली, ते मी पाहिलं होतं.

शेवयांच्या मशीनला लोक गाडीचं जळकं ऑईल देतात आणि तेच गळून पिठात उतरतं, यावर सरांची आणि आम्हा काही पोरांची मोहीम होती. 'लेकरांच्या ताटात गाडीचं ऑईल का?' हे पत्रक आम्ही आठवडी बाजारात वाटलं. उपाय सरांचा: करडीचं तेल. घरच्या जुन्या मशीनवर त्यांनी ते चालवून पाहिलं होतं. "बिलकुल घासत न्हाई," म्हणाले.

गयाबाईंनी विश्वास ठेवला. शेवयांची मशीन हेच त्यांचं पोट, आणि तिच्यात नुकताच नवा दांडा टाकलेला. भर उन्हाळ्यात शेवयांत पिवळे कण चमकायला लागले. दांडा ज्यात फिरतो ते पितळी कडं, म्हणजे बुश, झिजून पिठात येत होतं. बाया भांडायला आल्या. "गये, सोनं खाऊ घालून राह्यली का आम्हाला?"

सरांनी दांडा काढून नख फिरवलं. ते खरखरत गेलं. सरांच्या घरचा दांडा वर्षानुवर्षं घासून गुळगुळीत झालेला. हा लेथवरून उतरला तसाच, न घासता बसवलेला. करडीच्या तेलाचा थर पातळ. दांड्यावरचे खरखरीत उंचवटे त्यातून डोकं वर काढून बुश खरवडत होते.

मी म्हणालो, "सर, लेथवाल्यावर टाकू. मोहीम वाचंल."

ते भडकले. "लेथवाल्यानं पत्रक वाटल्तं का? आपण वाटल्तं. मंग?"

बायांसमोर उभे राहून त्यांनी सांगितलं, "गयाबाईची चूक न्हाई. नवा दांडा मी तपासलाच न्हाई." त्यांनी स्वतः दांडा घासून दिला, बुश बदललं, मशीन बराबर चालली. पण बाया पुन्हा फिरकल्या नाहीत. आणि झालं ते खरं सांगणारं पत्रक आम्ही काढलं नाही. एरवी पत्रक छापायला आम्हाला कधी वेळ कमी पडला नव्हता!

सर निवृत्त झाले त्या दिवशी गयाबाई खिरीचा डबा घेऊन आल्या. "बिनघोर खा सर. हातानं वळल्यात शेवया. मशीन तं कवाच विकली."

सरांचं लक्ष त्यांच्या बोटांकडे गेलं. सांधे सुजलेले.

"दुखतात का?"

"दुखणार न्हाई तं काय? तुमी खा."

सरांनी मान खाली घालून वाटी संपवली. गयाबाईंनी ती पुन्हा भरली. ते नको म्हणाले नाहीत.