बळवंतरावांचा खटला आणि कागदी प्लेट्स

कॅनडातल्या ग्वेल्फच्या आमच्या मराठी मंडळात निवडणूक झाली आणि बळवंतरावांची राजवट एकदाची कोसळली, तेव्हा मी पार्किंग लॉटमध्ये चक्क फुगडी घातली. हा माणूस वर्षानुवर्षं अध्यक्ष. नाटकात नायक तो, दिवाळीत मुख्य गायक तो, आणि पॉटलकला, म्हणजे घरोघरून पदार्थ आणून करायच्या जेवणाला, कुणी काय आणायचं हे ठरवणाराही तोच. मर्जीतल्यांना पुरणपोळी, नावडत्यांना कागदी प्लेट्स. आम्ही कायमचे प्लेट्सवाले.

नवा अध्यक्ष उन्मेष तर भलताच चेकाळला होता. "काकांना लाइफटाइम बॅन. गणपतीलासुद्धा नो एंट्री." बळवंतरावांची बायको गेलेली, मुलगी व्हँकूवरला. मंडळ सुटलं की त्यांच्याशी मराठीत बोलायला कुणी उरणार नव्हतं. पण आमच्या आनंदात कीव करायला सवड कुणाला होती?

ती सवड काढली प्रमोदिनीताईंनी. बाईंची उभी हयात ब्रॅम्पटनच्या कोर्टात दुभाषी म्हणून गेली. साक्षीदार बोलेल ते 'मी' म्हणूनच सांगायचं, पदरचं अक्षर घालायचं नाही, हा त्यांच्या कामाचा नियम. त्या उन्मेषला म्हणाल्या, "अरे, कंप्लेंट तुझी, शिक्षाही तूच देणार. मग त्यांच्यात नि तुझ्यात फरक काय? आधी प्रॉपर हिअरिंग होऊ दे."

कोर्ट भरलं ताईंच्या बेसमेंटमध्ये. ट्रेडमिलवर वाळत घातलेले कपडे काढून तिथे साक्षीदार उभे केले. हातोडा नव्हता, म्हणून झांज. गलका झाला की ताई ती वाजवायच्या आणि मागून कुणीतरी सवयीने आरती सुरू करायचं. अट एकच होती: प्रत्येक तक्रार बळवंतरावांनी दुभाष्यासारखी, 'मी' म्हणून, पुन्हा सांगायची.

आधी आमचे हे, रविकांत, चढले. "मला तबला येतो. पण दर दिवाळीला मला नुसता माइक धरायला लावलं." बळवंतरावांनी ते इतक्या खणखणीत नाटकी आवाजात म्हटलं की टाळ्या पडल्या. ह्यांनीही वाजवल्या. हसून हसून माझं पोट दुखायला लागलं.

मग चैत्राली उभी राहिली. "माझी आई पुण्याहून आली होती. पहाटे उठून तिने पुरणपोळ्या केल्या. आमच्या नावावर प्लेट्स होत्या, म्हणून तिचा डबा गाडीतच ठेवायला लावला. परत ती मंडळात आली नाही."

"माझी आई," बळवंतराव म्हणाले आणि थांबले. पुन्हा सुरुवात केली, पुन्हा अडले. शेवटी वाक्य पुरं झालं, पण तो आवाज नाटकातला नव्हता. मला त्यांचा राग होता, अजूनही आहे, तरी मी माझी पाण्याची बाटली त्यांच्यापुढे सरकवली.

ताईंनी निकाल दिला. "बॅन नाही. कुणी काय आणायचं हे यापुढे कुठलाच अध्यक्ष ठरवणार नाही. उन्मेष, तूसुद्धा नाही. आणि बळवंतराव, यंदा गणपतीला प्लेट्स तुम्ही आणायच्या."

उन्मेषचा चेहरा असा पडला की सगळं बेसमेंट खदखदून हसलं. ताईंनी झांज वाजवली. कुणीतरी आरती सुरू केलीच.

बळवंतराव उठले. हळूच विचारलं, "किती जणांच्या?"

"सगळ्यांच्या," ताई म्हणाल्या. "तुमची धरून."